नवटांक

देवस्थानांच्या नेमणुकीच्या यादी, वाड्यांतील कोठीचे जमाखर्च, मोदीखान्याच्या रोजकीर्दी वगैरे कागद ज्यांच्या नित्य पाहण्यांत आहेत त्यांस ‘नवटांक’ हा शब्द नवा नाहीं. दिव्यास तेल नवटांक, नैवेद्यास तूप नवटांक, अशा जातीच्या नोंदी वाचतांना कोणी थांबत नाहीं, इतका तो परिचयाचा आहे. पावशेराचा निम्मा म्हणजे नवटांक, शेराचा आठवा हिस्सा म्हणजे नवटांक, हें कोष्टक आमच्या मागल्या पिढ्यांस पाढ्यांबरोबरच पाठ होतें. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनेंमापें आलीं आणि पुढल्या कांहीं वर्षांत शेर, पावशेर, नवटांक हीं दुकानांतून उठलीं. नांवें मात्र लोकांच्या तोंडांतून तितक्या लवकर गेलीं नाहींत.

परंतु ज्या मापांत हिशेब आठांचा त्याच्या नांवांत नऊ कां? पावशेर, अर्धा शेर, पाऊण शेर हीं नांवें शेराच्या अपूर्णांकावरून पडलीं आहेत व तीं ऐकतांच उलगडतात. त्यांच्याच पंगतीला बसलेल्या नवटांकाचें नांव तेवढें शेराचा उल्लेखही करीत नाहीं, आणि जो अंक सांगतें तो आठव्या हिश्शाशीं जुळत नाहीं. हा प्रश्न नुसत्या व्युत्पत्तीचा असता तर त्यासाठीं इतकीं पानें अडविण्याचें कारण नव्हतें. पण नवटांकाचा अर्थ ठरविल्यावांचून जुन्या शेराचें वजन ठरत नाहीं, आणि शेराचें वजन ठरल्यावांचून जुन्या कागदांतील तेलतुपाच्या दरांवरून काढलेलीं अनुमानें पायाशुद्ध होत नाहींत. एका नांवाच्या चुकीच्या अर्थानें स्वस्ताई-महागाईच्या हिशेबांत जवळजवळ तिपटीची तफावत पडूं शकते. ती कशी, हें पुढें दाखविलें आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. मूळ लेखन ‘नवटांक’ असें सानुस्वार आहे. बोलण्यांत अनुस्वार गळून ‘नवटाक’ झालें. दंत या शब्दापासून दांत, अंक यापासून आंक, तसें टंक यापासून टांक. टंकशाला हिची टांकसाळ झाली ती याच वाटेनें. अनुस्वार गेल्यामुळें ‘टाक’ हा शब्द देवघरांतील रुप्याच्या टाकांशीं किंवा लिहावयाच्या टाकाशीं जोडण्याचा मोह होण्यासारखा आहे. पण माप आणि देवाचा मुखवटा किंवा लेखणी यांचा संबंध लावूं गेल्यास हातीं कांहींच लागत नाहीं. ‘नव’ म्हणजे नवीन असा अर्थ घेणेंही तितकेंच निराधार आहे. नवीन टांक असता तर कोठें तरी जुना टांकही भेटावयास हवा होता, आणि गुजराथी व मराठी या दोन भाषांत एकच ‘नवीन’ माप एकाच नांवानें, एकाच आठव्या हिश्शावर, रूढ व्हावें हें संभवत नाहीं. नव म्हणजे नऊ आणि टांक म्हणजे एक ठराविक तोल, असा सरळ अर्थ केला कीं सर्व जुळतें. नऊ टांकांचा आठवा हिस्सा ज्या शेराचा होतो तो शेर बहात्तर टांकांचा असला पाहिजे.

बहात्तर टांकांचा शेर ही आमची कल्पना नव्हे. मुंबईच्या जुन्या व्यापारी कोष्टकांत ७२ टांकांचा शेर व ४० शेरांचा मण असाच क्रम दिलेला असतो. मोल्स्वर्थच्या कोशांतही टांक म्हणजे पक्क्या शेराचा बहात्तरावा भाग असा एक अर्थ नोंदलेला आहे. म्हणजे १८ टांक पावशेर, ३६ टांक अर्धा शेर, ९ टांक आठवा हिस्सा. याखालीं उतरूं गेलें तर साडेचार टांक येतात आणि पूर्ण संख्येचा जिना तेथें मोडतो. ज्या पायरीवर टांकांची संख्या शेवटची पूर्ण येते तिलाच टांकांवरून नांव मिळावें, हें व्यवहाराला धरूनच झालें.

आतां टांक म्हणजे किती? येथें एकवाक्यता नाहीं, आणि घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे. शार्ङ्गधरसंहितेंत चार मासे म्हणजे शाण, त्यासच टंक म्हणावें, असें सांगितलें आहे. परंतु तेथील मागध मानाचा मासा सहा गुंजांचा, म्हणून टंक २४ गुंजांचा. कालिंग मानांत मासा आठ, क्वचित् सात गुंजांचा. सोनाराचा आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा धरला तर टांक ३२ गुंजांचा, म्हणजे तोळ्याचा बरोबर तिसरा हिस्सा होतो. आईन-इ-अकबरींत तांब्याचा दाम पांच टांकांचा, म्हणजे १ तोळा ८ मासे ७ सुर्ख वजनाचा, असें दिलें आहे. सुर्ख म्हणजे आपली गुंज. त्याच्या १६७ गुंजा होतात, तेव्हां टांक ३३ गुंजांहून थोडा अधिक पडतो. म्हणजे एकाच नांवाच्या तोलास वैद्य २४ गुंजा घालतो, सोनार ३२, आणि अकबराचा टांकसाळदार ३३ च्या वर. ‘टांक म्हणजे अमुक’ असें एका दमांत सांगणाऱ्यावर फारसा विश्वास टाकूं नये.

या गोंधळांत एक उजेडाची जागा लीलावतीच्या पोथ्यांत आहे, आणि तिच्याकडे पोथीसंग्राहकांचें लक्ष विशेषेंकरून ओढावें असें आम्हांस वाटतें. भास्कराचार्यांनीं शके १०७२ (इ.स. ११५०) च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथाच्या आरंभीं परिभाषा दिली आहे. तिच्यांत तीन गुंजांचा वल्ल, आठ वल्लांचें धरण, दोन धरणांचा गद्याणक, असें एक मान आहे. पांच गुंजांचा माष, सोळा माषांचा कर्ष, चार कर्षांचें पल, असें दुसरें. धान्यासाठीं खारी, द्रोण, आढक, प्रस्थ, कुडव हीं मापें आहेत. शेराचें यांत नांव नाहीं. परंतु पुष्कळ पोथ्यांत व छापील प्रतींत याच ठिकाणीं आणखी दोन श्लोक येतात. पहिल्याचा आशय असा कीं, पाऊण गद्याणकाएवढा जो टंक, तशा बहात्तर टंकांचा शेर होतो, चाळीस शेरांचा मण होतो, आणि धान्य वगैरे तोलण्यांतील ही तुरुष्कांची संज्ञा आहे. दुसरा श्लोक शेराचें एक वेगळेंच, मोठें मान सांगून तें आलमगीर बादशहानें आपल्या राज्यांतील नगरांत चालविल्याचें म्हणतो.

दुसऱ्या श्लोकाचा निकाल सोपा आहे. आलमगीर तख्तावर बसला तो इ.स. १६५८ मध्यें; भास्कराचार्यांस त्याचें नांव ठाऊक असणें शक्य नाहीं. तो श्लोक उघड उघड मागाहून कोणा अध्यापकानें किंवा लेखकानें आपल्या काळच्या विद्यार्थ्यांच्या सोयीसाठीं घातलेला आहे. पहिल्याविषयीं मात्र थोडा विचार केला पाहिजे. ‘तुरुष्क’ हा शब्द बाराव्या शतकांत अपरिचित नव्हता. गाहडवालांच्या ताम्रपटांत ‘तुरुष्कदंड’ नांवाचा कर येतो. पण दक्षिणेंत धान्य तुरुष्कांच्या शेरानें तोललें जावें, इतका त्यांचा शिरकाव इ.स. ११५० मध्यें इकडे नव्हता. देवगिरीवर अल्लाउद्दिनाची स्वारी झाली ती इ.स. १२९६ मधील. तेव्हां हाही श्लोक भास्कराचार्यांचा नव्हे, मागाहून आलेला आहे, असें आम्ही समजतों. तथापि प्रक्षिप्त म्हटला म्हणून तो टाकाऊ ठरत नाहीं. मूळ ग्रंथकारापेक्षां प्रक्षेप करणारा पुष्कळदां आपल्या काळचा व्यवहार अधिक प्रामाणिकपणें सांगून जातो. कारण तो श्लोक घालतो तोच मुळीं व्यवहाराची अडचण पाहून.

या श्लोकांतील बहात्तर ही संख्या दोन आणि सात या अंकांच्या नांवांनीं, त्याच क्रमानें, दिली आहे. अंकांची गति उजवीकडून डावीकडे या ज्योतिष्यांच्या संकेतानें ती ७२ होते. कोणी दोन गुणिले सात असें समजून १४ वाचील तर शेर सव्वापांच तोळ्यांचा होईल. असला शेर कोठें चालल्याचें ऐकिवांत नाहीं. शिवाय त्याच श्लोकांत मणाचे चाळीस शेर सांगतांना शून्य आणि चार हे अंक तशाच उलट क्रमानें आले आहेत. तेव्हां ७२ हाच पाठ व हाच अर्थ, यांत संशय नको.

आतां हिशेब करूं. गद्याणक ४८ गुंजांचा, त्याचा पाऊण म्हणजे टंक ३६ गुंजांचा. अशा ७२ टंकांचा शेर २,५९२ गुंजांचा झाला. तोळ्यास ९६ गुंजा या प्रमाणानें तो बरोबर २७ तोळे भरतो. एक गुंजही वर उरत नाहीं. याच्याशीं मुंबईचा जुना शेर ताडून पाहावा. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, त्याचा चाळिसावा भाग ४,९०० ग्रेन. सन १८३३ च्या कायद्यानें ठरलेला तोळा १८० ग्रेनांचा. म्हणजे मुंबईचा शेर २७ तोळ्यांहून अवघा अडीच-पावणेतीन मासे अधिक. हें अधिक कां, याचेंही कारण दिसतें. २७ तोळ्यांच्या शेराचा मण इंग्रजी वजनानें पावणेअठ्ठावीस पौंडांच्या किंचित् वर येतो, आणि २८ पौंड हें इंग्रजी हंड्रेडवेटचें ‘क्वार्टर’ आहे. इंग्रज व्यापाऱ्यांनीं देशी मण आपल्या क्वार्टराशीं जुळवून घेतांना पाव पौंडाची तूट भरून काढली असावी, असें आमचें अनुमान आहे. कांहीं असलें तरी लीलावतींत घुसविलेला तो श्लोक आणि मुंबईच्या पेढ्यांवरील कोष्टक हीं दोन्हीं एकाच शेराची साक्ष देतात. त्यांतील अंतर शेंकडा एकाहूनही कमी आहे.

तेव्हां या शेराचा नवटांक ३२४ गुंजांचा, म्हणजे ३ तोळे साडेचार मासे. दशमान वजनानें सुमारें ३९ ग्रॅम.

येथवर हिशेब झाला. पुढें जें लिहीत आहों तें अनुमान आहे, आणि वाचकांनीं तें तसेंच घ्यावें. ३२४ या आंकड्यानें आम्हांस थांबविलें. लीलावतींतील पल ३२० गुंजांचें आहे. मनुस्मृतींतही पांच कृष्णलांचा माष, सोळा माषांचा सुवर्ण व चार सुवर्णांचें पल, म्हणजे तेंच ३२०. नवटांक आणि पल यांत अवघ्या चार गुंजांचा फरक. ताजव्यावर तो दिसावयाचाही नाहीं. म्हणजे तुरुष्कांची म्हणून सांगितलेली शेराची संज्ञा आंतून पाहिली तर ती आठ पलांची आहे. दक्षिणेकडे पाहतां या तर्कास बळकटी येते. मद्रासेकडे तीन तोळ्यांचें ‘पलम्’ आणि आठ पलमांचा, म्हणजे २४ तोळ्यांचा, कच्चा शेर चालत असे. तेथें तुरुष्क संज्ञा रुजली नाहीं, म्हणून शेराचा आठवा हिस्सा आपलें जुनेंच नांव धरून राहिला. आणि गंमत अशी कीं, टांक तोळ्याच्या तिसऱ्या हिश्शाचा, म्हणजे ३२ गुंजांचा, धरला तर बहात्तर टांक २४ तोळेच होतात, व नऊ टांक म्हणजे तीन तोळे, म्हणजे ठीक एक पलम्.

यावरून आम्हांस असें दिसतें कीं, जुन्या काळीं तोलण्याचें मूळ परिमाण पल हेंच होतें व आठ पलांची एक मोठी राशि व्यवहारांत होती. पुढें टंक हा राजमुद्रेचा व बाजाराचा तोल होऊन बसला, तेव्हां पलास किती टंक घालावे हा प्रश्न आला, आणि उत्तर नऊ असें ठरलें. राशीस शेर हें नांव पडलें, पल हें नांव मराठी बाजारांतून गेलें, आणि त्याच्या जागीं राहिली ती त्याची किंमत: नऊ टांक. स्वयंपाकघरांतली पळी हा शब्द पलाशीं जोडण्याचा मोह आम्हांस होतो. पण तो मोहच समजावा, त्यावर इमारत रचूं नये.

कोणी विचारील कीं, छटाकाचें काय? हा आक्षेप महत्त्वाचा आहे, कारण त्याचा उलगडा नीट झाला नाहीं तर वरील सर्व विवेचन डळमळतें. छटाक म्हणजे सहा टांक, हें नांवावरून स्पष्ट आहे. मग नवटांक छटाकाच्या दीडपट असावा. पण मराठी कोष्टकांत नवटांक म्हणजे दोन छटाक! सहा दुणे नऊ कसे? याचें उत्तर एकच: हे दोन शब्द एका कोष्टकांतील नव्हेत. छटाक हा शेराचा सोळावा भाग. तेव्हां ज्या शेरांतून हें नांव निघालें तो ९६ टांकांचा असला पाहिजे. तो उत्तरेकडील आहे, नांवाचें रूपही हिंदी आहे. मराठी असतें तर सहाटांक म्हटलें असतें. आमच्याकडील ७२ टांकांच्या शेरांत सोळावा भाग साडेचार टांकांचा येतो. त्यास बोलण्यासारखें नांव नव्हतें. ती रिकामी जागा छटाकानें भरली. नांव परक्या कोष्टकांतून आलें, जागा या कोष्टकांतील मिळाली, आणि सहा टांकांचा छटाक साडेचार टांकांवर येऊन बसला. एवढेंसें मूल दिसलें कीं ‘छटाकभर पोर’ म्हणणाऱ्यांस हें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. अकबराचा शेर या दोहोंपैकीं कोणाचाही जनक नव्हे. आईनांत पूर्वीं कोठें १८ व कोठें २२ दामांचा शेर, अकबराच्या कारकीर्दीच्या आरंभीं २८ व मग ३० दामांचा, असें दिलें आहे. दामास पांच टांक धरतां ९०, ११०, १४० व १५० टांक होतात. त्यांत ७२ नाहीं आणि ९६ ही नाहीं.

आतांपर्यंत नवटांकाचा विचार वजन म्हणून केला. पण कागदांत तो बहुधा येतो तेलातुपाच्या व दुधाच्या संबंधानें, आणि हे पदार्थ मापानें घालण्याचा प्रघात मोठा. तोल मापांत कसा शिरला? ही वाट फार जुनी आहे. शार्ङ्गधरानें कुडवाचें भांडें चार अंगुळें रुंद व तितकेंच खोल, माती, लांकूड, वेळू, लोखंड वगैरेंचें करावें, असें सांगितलें आहे. तोच कुडव त्याच्या तोलाच्या कोष्टकांतही चार पलांचा म्हणून येतो. द्रव पदार्थ कुडवापासून पुढें दुप्पट घ्यावे हा वैद्यांचा संकेत प्रसिद्धच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तर द्रवांचा विचार व्यापाऱ्याच्या नजरेनें केलेला आहे. तेथें तुपाचा वारक ८४ कुडुबांचा, तेलाचा ६४ कुडुबांचा, आणि द्रव पदार्थ मापून देतांना भांड्यास चिकटून राहतें त्याबद्दल पन्नासावा हिस्सा अधिक द्यावा, असा नियम आहे. तेल घालणाऱ्यानें भांडें पालथें धरून थेंब निथळूं द्यावे, कीं घेणाऱ्यानें वरताळा मागावा, हा वाद इतका जुना आहे तर!

धान्य मापण्यांत व द्रव मापण्यांत एक भेद आहे तो येथें सांगितला पाहिजे. धान्याच्या मापास शीग लावतां येते. पायली सपाट कीं शिगेची, यावर गांवोगांव करार निराळे. द्रवास शीग नाहीं; तें कांठापर्यंत येतें आणि पुढें सांडतें. त्यामुळें द्रवाचें माप तोलाशीं बांधून ठेवणें सोपें गेलें. म्हणूनच, आमच्या मतें, धान्याच्या कोष्टकांत शेराच्या आठव्या हिश्शास कोळवें म्हणतात, आणि तेलातुपाच्या कोष्टकांत नवटांक. शेर, मापटें, चिपटें, कोळवें, निळवें ही उतरंड पायलीच्या घराण्यांतली. तेथें टांकाचें नांव नाहीं. कोळवें हा शब्द कुडवापासून आला असावा असें त्याच्या रूपावरून वाटतें, जरी कुडवाचें मान तितकें राहिलें नाहीं. एकच हिस्सा, पण धान्याच्या घरीं त्याला भांड्याचें नांव, द्रवाच्या घरीं तोलाचें.

अर्थात् तोलावरून केलेलें भांडें सर्व द्रवांस सारखें लागत नाहीं. जें माप पाण्यानें भरून नऊ टांक उतरलें त्यांत दूध थोडें अधिक वजनाचें मावेल, तेल बारा-तेरांत एका हिश्शानें कमी. ज्या कागदांत तेल ‘मापी’ आणि ‘वजनी’ असा भेद केलेला सांपडेल तेथें तो भेद लेखकाची लहर न समजतां हिशेबांत घ्यावा.

परंतु खरा धोका याहून मोठा आहे. काळ लोटला तसा शेर वाढत गेला आणि नवटांक त्याच्याबरोबर फुगला. कच्चा शेर आणि पक्का शेर असे दोन शेर एकाच गांवांत नांदूं लागले. पक्का शेर बहात्तर किंवा ऐंशी तोळ्यांपर्यंत गेला, तरी त्याचे भाग मात्र जुन्याच नांवांनीं ओळखले जात राहिले. मोल्स्वर्थनें टांकास शेराचा बहात्तरावा भाग म्हटलें आहे तें याच अवस्थेचें चित्र आहे. तेथें टांक हा स्वतंत्र तोल राहिलेला नाहीं. शेर जेवढा असेल त्याचा बहात्तरावा हिस्सा, एवढाच त्याचा अर्थ. ऐंशी तोळ्यांच्या शेरांत असा टांक तोळ्याहूनही जड होतो, म्हणजे सोनाराच्या टांकाच्या तिपटीहून अधिक. नांवांतला नऊ तसाच राहिला, टांक मात्र निराळा झाला.

गुजराथेकडे पाहिलें म्हणजे हें अधिक स्पष्ट दिसतें. तेथें शेर ४० तोळ्यांचा. त्याच्या आठव्या हिश्शास नवटांकच म्हणत, आणि तो पांच तोळ्यांचा. त्याच्या निम्म्यास अधोळ. मुंबईच्या बाजारांत मराठी नवटांक दहा तोळ्यांचा आणि गुजराथी नवटांक पांच तोळ्यांचा, दोघांचें नांव एक, आणि दोघेही ३ तोळे साडेचार माशांच्या त्या मूळ नवटांकापासून दूर गेलेले. सन १८३३ च्या कायद्यांतील १८० ग्रेनांचा तोळा व ८० तोळ्यांचा शेर हें मान पुढें मुंबई इलाख्यासाठीं १९३२ च्या वजनमापांच्या कायद्यानें कायम झालें. तेव्हांपासून नवटांक म्हणजे दहा तोळे, म्हणजे ११६ ग्रॅमांहून थोडा अधिक, हें समीकरण शाळेंतील पुस्तकांत पक्कें बसलें. आज जो कोणी जुन्या कागदांतील नवटांकाचें रूपांतर करूं जातो तो नकळत हेंच समीकरण वापरतो.

उदाहरणार्थ, एखाद्या देवस्थानास दिव्यासाठीं दररोज नवटांक तेलाची नेमणूक आहे असें समजा. वर्षाचे ३६० दिवस धरतां ४५ शेर तेल झालें. ८० तोळ्यांच्या शेरानें तें ३,६०० तोळे, म्हणजे ४२ किलो. २७ तोळ्यांच्या शेरानें १,२१५ तोळे, म्हणजे १४ किलोंच्या जरा वर. नेमणुकीची रक्कम तीच असेल, तर एका हिशेबानें तेल जितकें स्वस्त ठरेल त्याच्या तिपटीनें दुसऱ्या हिशेबानें महाग. या एका फरकावर पेशवाईंतील स्वस्ताईचीं वर्णनें उभीं राहूं शकतात किंवा कोसळूं शकतात. दर देणाऱ्या प्रत्येक कागदाबद्दल पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे कीं, शेर कोणता? कागदांत ‘कच्चा’, ‘पक्का’ असें लिहिलें आहे काय, शेर अमुक रुपयेभार असा खुलासा आहे काय, एकाच यादींत मणाचे व नवटांकाचे आंकडे आहेत काय, हें पाहावें. कांहींच नसेल तर निदान आंकडा मोघम ठेवावा. ग्रॅमांपर्यंत उतरून खोटी सूक्ष्मता दाखवूं नये. दिव्याच्या तेलाबाबत तर घरबसल्या एक कसोटी लावतां येते. समईच्या एका वातीस प्रहरास किती तेल लागतें हें तोलून पाहावें, आणि नेमणुकींतील दिवा नंदादीप आहे कीं केवळ सांजवात, हें कागदांतून काढावें. सव्वातीन तोळे तेलावर नंदादीप अहोरात्र तेवतो कीं नाहीं, याचा निकाल वातच देईल.

नवटांकाचें पुढील चरित्र फारसें गौरवाचें नाहीं. सन १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानंतर मुंबईंत चोरून विकल्या जाणाऱ्या गांवठी दारूच्या पेल्यास हें नांव चिकटलें, आणि शेर-पावशेर विसरलेल्या पिढीसही तें तेथूनच कळलें. पलाच्या वंशजानें अखेर गुत्त्यांत दिवस काढावे, याला काय म्हणावें! पण त्या निमित्तानें शब्द द्रवाच्याच संगतींत राहिला, हेंही खरें.

शेवटीं पोथीसंग्राहकांस एक विनंति आहे. लीलावतीच्या पोथ्या महाराष्ट्रांत अनेक घरीं आहेत. आपल्या संग्रहांतील प्रत काढून परिभाषेच्या प्रकरणांत तुरुष्क संज्ञेचा श्लोक आहे कीं नाहीं, असल्यास मूळ अक्षरांत कीं समासांत, त्याच हातचा कीं दुसऱ्या, आणि त्याच्यापुढें आलमगिराचा श्लोक येतो किंवा नाहीं, एवढें पोथीच्या लेखनशकासह टिपून ठेवावें. आलमगिराचा श्लोक नसून केवळ तुरुष्कांचाच असलेली, व इ.स. १६५८ पूर्वीं लिहिलेली एखादी प्रत सांपडली, तर बहात्तर टांकांचा शेर या देशांत केव्हांपासून चालत होता याची एक मर्यादा तरी हातीं येईल. टीका असलेल्या प्रतींत टीकाकारानें हा श्लोक घेतला आहे कीं वगळला आहे, तेंही पाहावें. समासांतील श्लोक पुढल्या नकलेंत मूळांत जातो, हें पोथ्या हाताळणारांस सांगावयास नको.